वाचकांचे प्रश्न : आठवणी बोलत्या करताना

प्रश्न : आईचं लहानपण खेड्यातल्या भरल्या घरात गेलं. तिच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करायला बसलो की ‘ऊन असायचं, खेळायचो, मजा होती’ एवढ्यावर ती थांबते. पुढे काय विचारावं?

उत्तर : ‘लहानपण कसं होतं?’ असं विचारलं की ‘छान होतं’ हेच उत्तर येणार. त्यापेक्षा जागा विचारा. आईला कोरा कागद आणि पेन्सिल द्या आणि घराचा नकाशा काढायला सांगा. दार कुठे, सकाळचं ऊन कुठल्या भिंतीवर यायचं, कोण कुठे झोपायचं? पेन्सिल एखाद्या कोपऱ्यात रेंगाळली, तर ‘इथे काय असायचं?’ एवढंच विचारा. मग कामांकडे वळा. पाणी कोण भरायचं, भरलेलं भांडं तिला कितव्या वर्षी उचलता आलं? उत्तर संपलंसं वाटलं तरी पाच-सात सेकंद गप्प राहा, पुष्कळदा मोलाचं त्यानंतरच येतं.

पहिल्या बैठकीत अल्बम उघडू नका. जुन्या साध्या बॉक्स कॅमेऱ्यांत शटरचा वेग ठरलेला असे, त्यामुळे फोटो भर उन्हात, सूर्य पाठीशी ठेवून काढावे लागत. साहजिकच अल्बममधला बहुतेक प्रत्येक दिवस उन्हाचा, आणि फोटो पाहून सांगितलेली आठवणही तशीच होते. पाऊस, आजारपण, अंधार, भावंडांची भांडणं यांबद्दल मुद्दाम विचारा. मामा वेगळं सांगत असेल तर आईला मधेच दुरुस्त करू नका. त्याचं स्वतंत्र रेकॉर्डिंग करा, दोन्ही जपा.

पंखा बंद, फोन एरोप्लेन मोडवर. तो तोंडापासून 20-30 सेंटिमीटरवर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर टेबलाला लागलेला प्रत्येक धक्का आवाजात उतरतो. आधी मिनिटभर रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. एक बैठक 45 मिनिटांची पुरे. फाइलच्या तीन प्रती करा, एक दुसऱ्या घरी ठेवा.

प्रश्न : चिकट पानांच्या अल्बममधले फोटो सुटत नाहीत. काय करावं?

उत्तर : नखाने उचकटू नका, फोटो मुडपतो आणि वरचा थर तडकतो. आधी पान जसंच्या तसं स्कॅन करा. मग मेण नसलेला डेंटल फ्लॉस कोपऱ्यातून फोटोच्या मागे सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे चालवा. तरीही सुटला नाही, तर फोटोभोवतीचं पान कापून तसाच ठेवा. स्कॅनिंग 600 डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला 600 ठिपके) करा. 4×6 इंची फोटोची 2400×3600 पिक्सेलची प्रत मिळते, तेवढ्यात मागे उभ्या माणसांचे चेहरेही मोठे करून पाहता येतात. नावं फोटोमागे मऊ पेन्सिलीने, कडेला लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नसेल, तर नावं पाकिटावर लिहा, पण फोटो आत घालण्याआधी.