फिगर स्केटिंगमध्ये सिनिअरला खेळायला किती वय लागतं? १५ की १७?

आता १७. आधी १५ होतं, पण जून २०२२ मध्ये आयएसयूच्या (आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या) काँग्रेसमध्ये, म्हणजे सर्वसाधारण सभेत मतदान झालं, १०० विरुद्ध १६ असं, आणि मग टप्प्याटप्प्याने वाढवलं, २०२३-२४ ला १६ आणि २०२४-२५ पासून १७.

खरी गंमत तारखेत आहे. सीझन सुरू होण्याआधीच्या १ जुलैपर्यंत वय पूर्ण पाहिजे, स्पर्धेच्या दिवशी किती आहे ते धरतच नाहीत. म्हणून माओ शिमादा, जपानची, सलग ज्युनिअर वर्ल्ड्स (ज्युनिअर जागतिक स्पर्धा) जिंकणारी पोरगी, ऑक्टोबर २००८ चा जन्म, तिला २०२६ च्या ऑलिम्पिकला जाता आलं नाही, फक्त चार महिन्यांनी हुकलं! जपानच्याच माओ असादाचंही २००६ च्या ऑलिम्पिकला असंच झालेलं, तेव्हा १५ चा नियम होता.

मला वाईट वाटतं शिमादासाठी, पण तरी नियम बरोबरच आहे. बारीक अंगकाठी असली की हवेत गिरकी पटकन बसते म्हणून क्वाड जंपसाठी (हवेत चार गिरक्यांची उडी) लहान मुलींना जुंपायचं, आणि प्रत्येक लँडिंगचा मार वजनाच्या कितीतरी पट, तोही एकाच पायावर, ते सुद्धा हाडं वाढायच्या वयात. बीजिंग २०२२ ऑलिम्पिकला १५ वर्षांची रशियन स्केटर वालिएवा शॉर्ट प्रोग्रॅमनंतर (पहिल्या फेरीनंतर) पहिली होती, डोपिंगचा वाद पेटलेला, फ्री स्केटला (दुसऱ्या फेरीत) बिचारी पुन्हापुन्हा पडली, आणि बाहेर आल्या आल्या कोचने विचारलं की लढणं का सोडलंस. ते बघवत नव्हतं हो.

ज्युनिअरला मात्र १३ पासून खेळता येतं.