बंपर घ्यायचा की लोटो?

कणकवलीच्या स्टँडवरची पाटी वाचून विचारलंस, म्हणून सांगतो. हे लॉटरीचे दोन वेगळे खेळ आहेत. बंपरच्या तिकिटावर नंबर आधीच छापलेला असतो. पहिलं बक्षीस ‘विकलेल्या तिकिटांमधूनच’ असं लिहिलं असेल, तर ते कोणाला तरी लागणारच. हमी ती एवढीच, तुला लागेल याची नव्हे! तसं लिहिलं नसेल, तर न खपलेल्या तिकिटालाही लागू शकतं.

लोटोत आकडे तू निवडतोस. 49 पैकी 6 जुळवायचे म्हटले, तर संच होतात 1,39,83,816. कोणाचेच जुळले नाहीत की जॅकपॉट पुढच्या सोडतीत जातो नि फुगतो. तुझी शक्यता मात्र तसूभरही वाढत नाही. उलट गर्दी वाढते, आणि दोघांना लागला तर वाटून घ्यावा लागतो. म्हणून 31 च्या आतले, वाढदिवसाचे आकडे टाळ, ते पुष्कळजण लावतात. (चहाच्या टपरीवरचे ‘हमखास’ आकडे तर सोडूनच दे.)

हापूसच्या पेट्यांचे पैसे यात घालू नको, खतवाल्याची उधारी आधी भागव. बक्षीस 10 हजारांवर गेलं की 30 टक्के कर कापूनच हातात येतं. तिकिटामागे सही कर, फोटो काढ, आणि दावा करायची मुदत तिथेच बघून घे.