नाव गाळले, तरी मुलगी ओळखू येते

प्रश्न : मॅडम, मी बेळगावातील एका महाविद्यालयात बी.ए.च्या अखेरच्या वर्षाला आहे आणि गेले तीन महिने एका स्थानिक यूट्यूब वाहिनीसाठी विनामानधन बातम्या करते. आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने लैंगिक अत्याचाराची तक्रार केल्याची कुजबुज सुरू झाली, तेव्हा वाहिनीच्या संपादकांनी मला सांगितले, "तू आतली आहेस, मुलीचे नाव काढ आणि तिच्या मैत्रिणींचे बाईट (कॅमेऱ्यासमोरच्या प्रतिक्रिया) घेऊन ये." मी नकार दिला. त्यावर "मग तू पत्रकार होणार नाहीस," असे ते म्हणाले. वडील म्हणतात, हा नाद सोड आणि बी.एड. कर. मी चुकले का? पत्रकारिता करायची तर कोठे शिकावे? आणि या तीन महिन्यांचा अनुभव अर्जात लिहावा का?
– एक विद्यार्थिनी, बेळगाव जिल्हा

उत्तर :

चि. विद्यार्थिनीस सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र छापण्यापूर्वी मी त्यातील तीन तपशील काढून टाकले आहेत : तुझा तालुका, तुझा मुख्य विषय आणि तू कोठे राहतेस याचा उल्लेख. नाव तर तू लिहिलेच नव्हतेस. पण या तीन गोष्टी एकत्र वाचल्यावर तुझ्या वर्गातील कोणीही तुला ओळखले असते आणि तुझ्यावरून त्या दुसऱ्या मुलीपर्यंत पोहोचायला त्याला फार वेळ लागला नसता.

तू चुकली नाहीस. मात्र तुझा नकार योग्य असला, तरी काम तेथेच संपत नव्हते, असे मला वाटते. त्याविषयी पुढे लिहिते. आधी कायदा, कारण तुझ्या संपादकांना तो माहीत नसावा किंवा माहीत असून गैरसोयीचा वाटत असावा.

बलात्कार आणि तत्सम गुन्ह्यांतील पीडितेची ओळख उघड होईल असा मजकूर जो कोणी छापेल किंवा प्रसिद्ध करेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम 228-अ मध्ये होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात याचा अर्थ आणखी स्पष्ट केला : केवळ नाव नव्हे, तर दूरान्वयानेही जिच्यामुळे ओळख पटेल अशी कोणतीही माहिती देता येणार नाही. आपल्याकडे अनेक महाविद्यालयांच्या आवारातच पीयूसीचे, म्हणजे अकरावी-बारावीचे, वर्ग भरतात हेही ध्यानात घे. त्या वर्गांतील बहुतेक मुली अठराच्या आतल्या असतात आणि तेथे बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायद्याचे कलम 23 लागू होते. त्यात पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शेजार आणि शाळा या सर्वांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि कर्मचाऱ्याच्या चुकीसाठी माध्यमाचा मालक किंवा प्रकाशकही जबाबदार धरला जातो. तुझ्या नकाराने तू त्या संपादकांनाही वाचवले आहेस, हे त्यांना कळो न कळो.

मी या मार्गदर्शनाच्या कामाकडे वळण्यापूर्वी एका दैनिकात उपसंपादक होते. एका रात्री साडेअकराच्या सुमारास, पान सोडायची घाई असताना, एका ग्रामीण वार्ताहराची बातमी माझ्यासमोर आली. त्यात मुलीचे नाव नव्हते, म्हणून मी निर्धास्त झाले. गाव होते, वर्ग होता, आणि शेवटच्या ओळीत तिचे वडील कोणता धंदा करतात तेही होते. तो धंदा करणारे त्या गावात एकच घर होते. दुसऱ्या दिवशी वार्ताहराचा फोन आला : त्या घरासमोर लोक उभे आहेत. मी गाळू शकले असते अशी ती सहा शब्दांची ओळ होती. तेव्हापासून अशा बातमीत मी नाव सर्वांत शेवटी तपासते. आधी गाव, गल्ली, वर्ग, बस, वडिलांचा व्यवसाय आणि देवळाची जत्रा शोधते. मुंबईत 'अंधेरीतील एकोणीस वर्षांची तरुणी' म्हटले तर लाखोंमध्ये ती दडून जाते. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीचे नाव लिहून 'डिग्रीच्या दुसऱ्या वर्षातील मुलगी' म्हटले, तर वाडीतून कॉलेजला येणाऱ्या मुलीच तीन असतात. त्यातच एका वर्तमानपत्राने गाव द्यायचे, दुसऱ्याने वर्ग, तिसऱ्याने आरोपी तिचा कोण लागतो ते, असे झाले तर कोणीही एकट्याने कायदा मोडलेला दिसत नाही, पण वाचक तिन्ही तुकडे जोडतो. म्हणून आपली बातमी लिहिताना इतरांनी काय छापून टाकले आहे तेही पाहावे लागते.

लोक हे वाईट हेतूनेच करतात असे नाही. कोलकात्यातील आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात 9 ऑगस्ट 2024 रोजी प्रशिक्षणार्थी महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, तेव्हा तिच्यासाठी न्याय मागणाऱ्यांनीच तिच्या नावाचा हॅशटॅग देशभर फिरवला. अखेर 20 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला तिचे नाव, छायाचित्रे आणि चित्रफिती हटवण्याचे आदेश द्यावे लागले. आपल्या जवळचेही उदाहरण आहे. डिसेंबर 2023 मध्ये बेळगाव तालुक्यातील एका गावात एका महिलेवर अमानुष हल्ला झाला. त्यानंतर रुग्णालयात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घेऊन परवानगीवाचून होणाऱ्या भेटींना आवर घालावा लागला. गावाचे नाव तुला बहुधा आठवत असेल. मी ते येथे लिहीत नाही.

आता सीमाभागातल्याच एका अडचणीविषयी, जी पुण्याच्या किंवा मुंबईच्या अध्यापकाला शिकवताना सुचणार नाही. येथील एफ.आय.आर. आणि पोलिसांची प्रेस नोट कन्नडमध्ये असते. कन्नडमध्ये 'अत्याचार' हा शब्द बलात्कार या अर्थाने सर्रास वापरला जातो. मराठीत तोच शब्द मारहाणीपासून बलात्कारापर्यंत कशालाही लावता येतो. 'लैंगिक दौर्जन्य' म्हणजे लैंगिक छळ की हल्ला, हे संदर्भावर ठरते. 'किरुकुळ' म्हणजे छळ, त्रास. अशी नोट घाईघाईने मराठीत आणणारा वार्ताहर कधी बलात्काराचा 'अत्याचार' करून गुन्हा सौम्य करतो, तर कधी छेडछाडीच्या तक्रारीचा मथळा बलात्काराचा होऊन बसतो. पहिल्यात तक्रारदार मुलीवर अन्याय आहे, दुसऱ्यात संशयित मुलावर, आणि दोन्हींत वाचकाची फसवणूक आहे. यावर एक साधा उपाय आहे. शब्दाच्या आधी कलम वाचावे. न्याय संहितेत 64 म्हणजे बलात्काराची शिक्षा, 74 म्हणजे विनयभंगाच्या हेतूने केलेला हल्ला, 75 म्हणजे लैंगिक छळ, 78 म्हणजे पाठलाग. आकडा भाषांतरात बदलत नाही. तुझे कन्नड बोलण्यापुरते असेल तर ते वाचण्यापुरते कर. सीमाप्रश्नावर तुझे मत काहीही असो, पोलीस ठाण्यातील कागद वाचता न येणारा बातमीदार दुसऱ्याच्या सांगण्यावर जगतो.

याच ओघात एक खटकणारी सवयही नोंदवते. संशयित कोणती भाषा बोलतो, कोणत्या समाजाचा आहे, हे मथळ्यात यायला लागले की ती बातमी मुलीची राहत नाही. ती दोन गटांच्या मोर्चांची होते आणि तक्रारदार मुलगी दोन्ही मोर्चांत नसते.

तुझ्या नकारापुढे काय करायचे होते, ते आता सांगते. नाव न काढणे म्हणजे चौकशी न करणे नव्हे. अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने नोव्हेंबर 2014 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात एका विद्यार्थिनीवर सामूहिक बलात्कार झाल्याचा दीर्घ वृत्तान्त छापला. मुलीला आणखी त्रास नको, या भावनेने बातमीदार आरोपींपर्यंत पोहोचली नाही आणि त्या रात्री मुलीला भेटलेल्या ज्या तीन मित्रमैत्रिणींची वाक्ये वृत्तान्तात होती, त्यांच्याशीही बोलली नाही. काही आठवड्यांतच कथन ढासळले. पोलिसांना पुष्टी देणारा पुरावा मिळाला नाही, एप्रिल 2015 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयाने केलेली चिकित्सा प्रसिद्ध झाली आणि वृत्तान्त मागे घेण्यात आला. 2016 मध्ये बदनामीच्या दाव्यात ज्यूरीने विद्यापीठाच्या एका महिला अधिकाऱ्याला एकूण 30 लाख डॉलर भरपाई मंजूर केली. सर्वांत मोठे नुकसान मात्र न्यायालयात मोजले गेले नाही, कारण खरी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलींकडेही त्यानंतर संशयाने पाहणे सोपे झाले. सहानुभूती होती म्हणून हे घडले असे मी म्हणणार नाही. तपासून पाहणे म्हणजे मुलीवर अविश्वास दाखवणे, असा गैरसमज त्या कार्यालयात होता, म्हणून ते घडले. विचारायचे पुष्कळ आणि छापायचे मोजके, अशा दोन वेगळ्या वह्या बातमीदाराकडे असाव्या लागतात. तुझ्या संपादकांना उलटे हवे होते : विचारायचे काहीच नाही आणि छापायचे सगळे.

मैत्रिणींच्या बाईटऐवजी तू महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊ शकली असतीस. कामाच्या ठिकाणी महिलांचा होणारा लैंगिक छळ रोखणारा 2013 चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे विनियम यांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिच्या अध्यक्षस्थानी ज्येष्ठ महिला प्राध्यापक, सोबत बाहेरचा एक सदस्य आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी, अशी तिची रचना आहे. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. तुमच्या महाविद्यालयात ही समिती आहे का? सूचनाफलकावर तिची नावे लावली आहेत का, की ती नॅक या मूल्यांकन संस्थेच्या मागील भेटीसाठी कागदावर केली होती? बाहेरचा सदस्य खरोखर बाहेरचा आहे की संस्थाचालकांचा नातलग? विद्यार्थी प्रतिनिधी निवडून आले की नेमले गेले? यांतील एकाही प्रश्नाला मुलीच्या नावाची गरज नाही आणि यांच्या उत्तरांतून जी बातमी होते ती पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलींच्याही उपयोगाची असते. प्रकरण फक्त समितीपुढे असेल, तर 2013 च्या कायद्याचे कलम 16 तक्रारीचा मजकूर, तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि साक्षीदार या सर्वांची ओळख माध्यमांना देण्यास मनाई करते, हे विसरू नकोस. म्हणजे मुलाचे नावही नाही. आणि पोलिसांत गुन्हा नोंद झाला असला तरी संशयिताचा फोटो लावण्याची घाई करू नये, कारण ओळख परेड व्हायची असेल तर आधीच सर्वत्र झळकलेला चेहरा बचाव पक्षाच्या पथ्यावर पडतो.

शिक्षणाविषयी थोडक्यात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आणि पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. मराठी पत्रकारितेचा स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात आहे. धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ घरापासून जवळ आहे, आणि येथेच राहून काम करायचे मनात असेल तर मी ते यादीत वर ठेवीन. प्रवेशाच्या तारखा आणि शुल्क त्या त्या संकेतस्थळावर पाहून घे. सुट्टीत जिल्हा न्यायालयात जाऊन खुल्या खटल्यांना बस. बलात्काराचे खटले बंद दाराआड चालतात, तेथे तुला जाता येणार नाही, पण चोरीच्या खटल्यातही 'फिर्याद', 'जबाब' आणि 'पुरावा' यांतला फरक कानावर पडतो. वडिलांना सांग की बी.एड. दोन वर्षांनीही करता येते. पण त्यांची भीती उडवून लावू नकोस, कारण तुझ्या वाहिनीसारखे लोक त्यांनी पाहिले आहेत. नोकरीच्या मुलाखतीला जाशील तेव्हा तूच विचार : अशी बातमी आली तर ती शेवटी कोण वाचते आणि त्याविषयी लेखी नियम आहे का? उत्तर ऐकण्याआधी समोरच्याचा चेहरा पाहा.

राहिला अर्जाचा प्रश्न. तीन महिन्यांचा अनुभव अवश्य लिही. का सोडले असे विचारले, तर दोन वाक्यांत सांग की पीडितेची ओळख उघड करण्यास तू नकार दिला होतास. वाहिनीचे नाव अर्जात असेलच, म्हणून महाविद्यालय, महिना आणि प्रकरण यांविषयी एक शब्दही बोलू नकोस. मुलाखत घेणारा बेळगावचाच असू शकतो.