पावसाळ्यात शेतातल्या ट्रेल कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी घालावी की सिलिकॉननं सील करावा? आणि पाण्याला टिकणारा कॅमेरा कोणता?

दोन्ही करू नका. पिशवी तर अजिबात नको.

सिलिकॉनचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. आमचं गाव घोटीच्या पुढे, इगतपुरी तालुक्यात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तीन वर्षांपूर्वी गोठ्यामागच्या ओहोळात बिबट्याचे ठसे दिसले, आठवड्यात एक वासरू गेलं. मग मी जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा, नऊ हजारांचा ट्रेल कॅमेरा आणून बांधावरच्या आंब्याला आवळला.

आमचे दाजी अंबडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आले, कॅमेरा उलटासुलटा करून, त्यावरचा धूळ-पाणी आत न शिरण्याचा आकडा वाचून म्हणाले, "अरे, आयपी सहासष्ट काय, नुसतं लिहायला असतं. कडेनं सील मार, थेंब जायचा नाही." मी म्हटलं, "दाजी, कार्ड आणि सेल बदलायला तो उघडावा लागतो." तर म्हणे, महिन्यातून एकदा ब्लेडनं काप आणि परत मार. बाहेर धो धो पाऊस, आणि हे पडवीत बसून नळी पिळतायत. व्हिनेगरसारखा आंबूस वास घरभर.

पंधरा दिवसांनी कापून उघडला. पाण्याचा थेंब आत गेला नव्हता, हे खरं. पण काचेवर आतून दव, सेलच्या पत्र्या हिरव्या पडलेल्या, आणि रात्रीचे सगळे फोटो दुधासारखे पांढरे. एका फोटोत शेपटीसारखं काहीतरी आहे. ती बिबट्याची की आमच्या मोत्याची, यावर घरात अजून दोन तट आहेत. दाजी म्हणाले, कॅमेराच हलका घेतलास.

हलका नव्हता. कॅमेरा बाहेरच्या पाण्यानं मरतो त्यापेक्षा आत कोंडलेल्या दमट हवेनं जास्त मरतो. दुपारी उघडीप पडली की डबी तापते, पहाटे गार होते, आणि आतली वाफ काचेवर बसते. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांचा उजेड त्या दवावर पसरतो, फोटो पांढरा. ज्या सिलिकॉनला आंबूस वास येतो ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. बंद डबीत ते जाणार कुठे? पत्र्यांवरच बसणार.

पिशवीचं त्याहून वाईट. हा कॅमेरा जागा होतो तो समोरून उबदार अंग सरकलं की. ती ऊब जाड प्लॅस्टिकमधून सेन्सरपर्यंत पोचत नाही. बिबट्या समोरून जाईल आणि कॅमेरा झोपलेला.

आमचा प्रश्न आईनं सोडवला. ती म्हणाली, "आम्ही आवणीला इरलं घेतो ते काय सील करून?" इरलं पाठीवरून पाणी खाली सोडतं, खालून उघडं असतं, अंगाला वारा लागतो. तेवढंच हवं. बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं घेऊन तिनं वीतभर इरलं करून दिलं, ते तो पावसाळा पुरलं. आता सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याचा अर्धा भाग वर बसवलाय. तो फार पुढे काढू नका, दिव्यांचा उजेड त्यावर आपटतो.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. खोडावरून पावसाचा ओघळ येतो तो थेट कॅमेऱ्याच्या पाठीत. मध्ये लाकडाचा तुकडा घालून कॅमेरा खोडापासून दोन बोटं सुटा ठेवा. तोंड उत्तरेला करा, आमच्याकडे झड पश्चिमेकडून येते आणि उत्तरेला उन्हाची तिरीपही कमी. कॅमेरा एरवी गुडघ्याएवढा लावतो, पावसात थोडा वर घेऊन खाली झुकवा, नाहीतर चिखलाचे शिंतोडे काचेवर. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवा. मुंग्यांचं मात्र मला अजून जमलेलं नाही. पावसात त्यांनाही कोरडी जागा हवी असते, बरोबर सेलच्या कप्प्यात अंडी घालतात.

आता थोडं दाजींच्या बाजूनं. सील मारला त्या दिवशी कार्ड मीच ओल्या हातानं घातलं होतं, म्हणजे दमट हवा मीच आत कोंडली. आणि डबीला चीर गेली असेल तर वास न येणारं, न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन त्या चिरेपुरतं चालतं. सांध्याच्या रबराला मात्र लावायचं नाही. सिलिका निळी असेल तर तिच्यात कोबाल्ट असतं, भाकरीच्या तव्यावर सुकवू नका, मी आईच्या शिव्या खाल्ल्यात.

हे सगळं स्वतःच्या रानापुरतं. वनखात्याच्या जमिनीत परवानगीशिवाय कॅमेरा बांधायचा नाही. बिबट्या दिसलाच तर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

कॅमेरा कोणता घ्यावा ते मला विचारू नका. मी एकच घेतलाय, तो अजून चालू आहे, पत्र्या पॉलिश पेपरनं घासून.

दाजी, वाचत असाल तर ती उरलेली नळी आमच्या पडवीतच आहे. गणपतीला याल तेव्हा घेऊन जा.