रात्रीच्या निसर्गचित्रात माणूस किती लहान काढावा?

मुंगीएवढा माणूस काढूनही तो रात्रीपुढे क्षुद्र वाटत नाही, असं तुम्ही म्हणता. ‘प्रमाण कळावं म्हणून एक माणूस टाका’ या वर्गातल्या सल्ल्याचंच हे फळ. मोकळ्या माळावरचा लहान माणूस लांबचा दिसतो, एवढंच.

नॉर्वेचा चित्रकार हाराल्ड सोलबर्गचं ‘डोंगरातली हिवाळी रात्र’ बघा, ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १८९९ च्या ईस्टरला तो स्कीवरून रोंडानेच्या डोंगरांत गेला. मोठं तैलचित्र पुरं व्हायला १९१४ उजाडलं. त्यात माणूसच नाही! पुढे काळी, निष्पर्ण झाडं, मागे निळ्या बर्फाचे डोंगर, मधल्या खिंडीवर एक तारा. आत शिरायला पायवाट नाही, त्यामुळे लहान होतो तो बघणारा.

माणूस हवाच असेल तर ६० सेंमी उंच कॅनव्हासवर दीड-दोन सेंमी पुरे. पण त्याच्या अंगाशी काहीतरी उंच उभं हवं. स्विस चित्रकार बोकलिनच्या ‘मृतांचे बेट’मध्ये नावेतली पांढरी आकृती सुरूंच्या काळ्या भिंतीसमोर येते, म्हणून दडपण येतं. गंमत म्हणजे ती आकृती आणि शवपेटी मारी बेर्ना या विधवेच्या मागणीवरून आली; १८८० च्या पहिल्या चित्रात बोकलिनने ती मागाहून घातली.

आता रंग. ट्यूबमधला काळा नको. आयव्हरी ब्लॅक तेलात फार सावकाश सुकतो, वरचा थर आधी वाळला की तडे जातात. त्याऐवजी दोन भाग अल्ट्रामरीन (गडद निळा), एक भाग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) घ्या. बर्फ आधी पांढऱ्या-राखाडीत पूर्ण रंगवा, बोटाला चिकटेनासा झाला की जवसाच्या तेलातला अल्ट्रामरीनचा पातळ थर द्या आणि जास्तीचा कापडाने टिपा. खालच्या थरात टर्पेंटाइन, वर चढत जाईल तसं तेल; उलट केलंत की पुन्हा तडे. अंबर वाळल्यावर मलूल पडतो, गडद भाग फिका दिसतो, आणि लोक घाबरून काळा थापतात. थापू नका, तेलाचा पुसट हात फिरवा, रंगाची खोली परत येते.

माणूस बोटाने झाकून बघा. उरलेलं चित्र भीती दाखवत नसेल तर माणसाच्या मापाशी झगडण्यात अर्थ नाही.

हो, अ‍ॅक्रिलिक वापरत असाल तर तेलाचं सगळं विसरा. तो ओला असतो त्याहून वाळल्यावर गडद होतो, म्हणून छटा थोडी फिकी कालवा.