पिकअपमधला साउंड, आणि सहा लाखांचा विमा

निफाड तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३६. स्वतःची २०१४ची बोलेरो पिकअप. पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो आणि लासलगावचा कांदा रात्री वाशी मार्केटला पोचवतात. डिझेल-टायर जाऊन महिना चाळीस हजार सुटतात, त्यातले अठ्ठावीस हजार घरखर्चाला लागतात. घरी आई, पत्नी, दोन मुलं. बचत खात्यात सत्तर हजार. कंपनीचे मूळ स्पीकर फाटलेत. दुकानदाराने टचस्क्रीन, चार स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि बास ट्यूब (खालच्या, घुमणाऱ्या आवाजाचा नळीसारखा स्पीकर) मिळून ४८ हजार सांगितलेत. ‘रोख देऊ की हप्त्याने घेऊ? आवाज चांगला असला की रात्री झोप येत नाही,’ असं ते विचारतात. जाता जाता लिहितात, की पैसे जमवायला गाडीचा फर्स्ट पार्टी विमा (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारा) या वर्षी थर्ड पार्टीवर आणणार आहेत. ‘एलआयसीसारखी एक पॉलिसी आहेच, वर्षाला साठ हजार भरतो, पाच वर्षांत डबल होणार आहे.’

आधी साउंडचं. हप्त्याने घेऊ नका. दुकानदाराचा ‘महिना एक टक्का’ पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत लागतो. दोन वर्षांत साडेअकरा हजार व्याज जाईल आणि खरा दर २१ टक्क्यांच्या वर पडेल. रोखही ४८ हजार नकोत. खोक्यावरचे वॅट क्षणभराचे असतात, सतत मिळणारे आरएमएस वॅट त्याच्या बरेच खाली. धावत्या डिझेल गाडीच्या केबिनमध्ये बास ट्यूबचा निम्मा आवाज इंजिन आणि रस्ताच खातो. दारातले दोन चांगले स्पीकर, दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग (थरथर दाबणारं अस्तर) आणि ब्लूटूथचा साधा एका खणाचा (सिंगल-डिन) प्लेअर एवढं बारा-पंधरा हजारांत बसतं, आणि फरक त्यातच कळतो. बाकीचे पैसे टायर आणि दरवर्षीच्या फिटनेससाठी राहू द्या. झोपेचं मात्र मनातून काढून टाका. कसारा घाटात डोळा लागायला लागला तर मोठ्या आवाजाने तो थांबत नाही. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास झोपावंच लागतं.

आता त्या पॉलिसीकडे येतो, कारण पत्र वाचताना मी तिथेच अडकलो. सोबत पाठवलेल्या फोटोत विमा रक्कम सहा लाख आहे. दहा वर्षं हप्ते, पंधराव्या वर्षी पैसे. तीन हप्ते भरून झालेत. उद्या तुम्हाला काही झालं तर घराला मिळणार सहा लाख. अठ्ठावीस हजारांनी भागलं तर एकवीस महिने. रोज रात्री महामार्गावर असणाऱ्या, एकट्याच्या कमाईवर पाच माणसं जगवणाऱ्या माणसाला वर्षाला साठ हजार घेऊन एवढंच संरक्षण विकलं गेलं, याचा मला मनापासून राग आहे.

आणि डबल कसलं? पाच वर्षांत तीन लाख भरून सहा लाख मिळायचे तर वर्षाला साधारण चोवीस टक्के परतावा हवा. अशी कोणतीही विमा योजना नाही. तुमच्याच कागदावर पंधरा वर्षांनंतर साडेनऊ लाख लिहिलेत, तेही आठ टक्क्यांच्या रकान्यात. शेजारी चार टक्क्यांचा रकाना असतो, तो एजंट दाखवत नाही. दोन्ही आकडे गृहीत धरलेले असतात, खात्रीचे नसतात. भरलेल्या हप्त्यांवर हिशोब केला तर त्या चांगल्या रकान्यातही हातात येतात साधारण साडेचार टक्के. पीपीएफ ७.१ टक्के देतं.

तुम्हाला टर्म विमा हवा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, साठ-पंच्याहत्तर लाखांचा. तुमच्या वयाला हप्ता वर्षाला बारा-पंधरा हजारांच्या आसपास यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. अडचण येईल ती उत्पन्नाच्या पुराव्याची. कंपनी साधारण वार्षिक उत्पन्नाच्या पंधरा-वीस पट विमा देते. पिकअपवाले बहुतेक जण आयकर रिटर्न भरताना मालवाहू गाडीचं ठरलेलं किमान उत्पन्न, म्हणजे महिना साडेसात हजार, दाखवतात. वर्षाचे नव्वद हजार झाले. त्यावर पंच्याहत्तर लाख कोण देणार? तुमचे खरे चार लाख ऐंशी हजार दाखवा. नव्या करप्रणालीत त्यावर कर शून्यच येतो.

तोपर्यंत बँकेत जाऊन सरकारी योजनांतला जीवन ज्योती (वर्षाला ४३६ रुपये) आणि सुरक्षा विमा (वर्षाला २० रुपये) सुरू करा. पहिल्यात मृत्यूनंतर दोन लाख, दुसऱ्यात अपघातासाठी आणखी दोन लाख. गाडीचा फर्स्ट पार्टी विमा बंद करायचा की ठेवायचा, हा अकरा वर्षांच्या गाडीत वाद घालण्यासारखा मुद्दा आहे. मी असतो तर ठेवला असता, कारण गाडी बंद म्हणजे कमाई बंद. पण थर्ड पार्टी घेतलात तरी मालक-चालकाचं पंधरा लाखांचं अपघात संरक्षण सोडू नका. थर्ड पार्टीत समोरच्याची भरपाई होते, तुमची नाही. हप्ता कमी दाखवायला एजंट पहिलं हे मालक-चालकाचं संरक्षणच वगळतो. पॉलिसीच्या कागदावर ती ओळ शोधा.

टर्म पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी थांबवू नका. तोवर कंपनीला लेखी पत्र देऊन दोन आकडे मागा: आज सरेंडर केल्यास (पॉलिसी मोडून पैसे घेतल्यास) किती, आणि पेड-अप केल्यास (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवल्यास) किती. पेड-अप केली तर विमा रक्कम दहातल्या तीन हप्त्यांच्या प्रमाणात, म्हणजे १ लाख ८० हजारांवर येईल, अधिक आतापर्यंतचा बोनस. दोन्हींत तोटा दिसेल आणि एजंट त्याचीच भीती घालेल. त्याला विचारू नका, आकडे मला पाठवा. पुढचे सात हप्ते, म्हणजे ४ लाख २० हजार, अजून तुमच्या खिशात आहेत आणि निर्णय त्या हप्त्यांबद्दल करायचा आहे. टर्मच्या अर्जात तंबाखू, दारू, बीपी जे असेल ते खरं लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण पुढे तुमच्या पत्नीला क्लेमसाठी खेटे घालावे लागणार नाहीत.