घाटातल्या वळणावर गाडी बाहेर का जाते?

प्रश्न : माझी छोटी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे. कसारा घाट उतरताना ती वळणावर थोडी बाहेर जात असे. आता हा त्रास वाढला आहे. मागच्या प्रवासात घोटीला पंपावर हवा तपासली, तेव्हा पुढे ३६ आणि मागे ३५ पॉइंट निघाली. दारावरच्या तक्त्यात चारही चाकांना ३३ लिहिले असल्याने पुढची हवा ३३ करून घेतली, मागची तशीच ठेवली. गॅरेजवाले मागच्या स्प्रिंगांत रबरी बफर बसवायला सांगतात. बसवावेत का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बफर बसवू नयेत. आधी घोटीला सोडलेली हवा परत भरावी. तक्त्यातला आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी राहिल्यानंतरचा असतो. महामार्गावर टायर तापला की दाब तीन-चार पॉइंटने वाढतोच, त्यामुळे घोटीला आपले टायर बहुधा योग्यच होते. तिथे ३३ केलेला टायर दुसऱ्या दिवशी सकाळी ३० च्या आसपास येतो आणि डिसेंबरातल्या पहाटे आणखी उतरतो, कारण तापमान पाच-सहा अंशांनी घटले की साधारण एक पॉइंट कमी होतो. पुढचे टायर मागच्यांपेक्षा मऊ झाले की वळणावर त्यांची बाजू जास्त दबते, चाक वळवूनही गाडी उशिरा वळते आणि बाहेर सरकते. आपला त्रास वाढण्याचे कारण मला हेच दिसते.

सकाळी घरून निघण्यापूर्वी चारही टायर ३३ करावेत. त्यानंतरही गाडी बाहेर जात असेल, तर फक्त पुढची हवा दोन पॉइंटने वाढवून ओळखीच्या मोकळ्या रस्त्यावर, नेहमीच्याच वेगाने फरक पाहावा. घाटात असे प्रयोग करू नयेत. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब हा भरायचा आकडा नव्हे. पूर्ण माणसे आणि सामान असताना तक्त्यात मागच्या चाकांसाठी वेगळा आकडा दिला असल्यास तोच पाळावा.

मुळात थोडा त्रास होताच, म्हणून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन बरोबर आहेत का, हे तपासून त्याची छापील प्रत मागून घ्यावी. शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओला थर असेल किंवा टायर ठिकठिकाणी खोलगट झिजला असेल, तर शॉकॲब्सॉर्बर जोडीनेच बदलावेत. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुशही पाहून घ्यावेत.

बफरला माझा विरोध एवढ्यासाठीच आहे की त्यांनी दोष गेल्यासारखा वाटतो. मागची स्प्रिंग कडक झाली की मागच्या टायरांची पकड घटते, त्यामुळे पुढची बाजू वळणात आत येते आणि गाडी चपळ भासते. पण पावसाळ्यात ओल्या उतारावर वळणाच्या मध्येच ब्रेक दाबला, की आधीच हलकी झालेली मागची बाजू घसरून बाहेर फिरू शकते. पुढची बाजू बाहेर जाऊ लागली तर वेग हळूहळू कमी करून गाडी सावरता येते. मागची बाजू फिरली, तर सरावलेल्या चालकालाही ती सावरणे कठीण जाते. उतारावर वेग वळणाआधीच कमी करून खालच्या गिअरमध्ये वळावे, म्हणजे पुढच्या टायरांना ब्रेक आणि वळण ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागणार नाहीत.